बैठकीच्या खोलीला नवा रंग



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या व्याख्यानमालेत राज्यकारभार, अर्थकारण, वेदान्त, विज्ञान अशा भारदस्त विषयांवर विद्वान मंडळी बोलत आली आहेत. माझ्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने येथे काय बोलावे, हा प्रश्न चालक मला बोलवावयास आले तेव्हा मलाही पडला. ते म्हणाले, कामगार चळवळीवर बोला. मी म्हटले, चळवळीवर बोललो तर चळवळीतलीच मंडळी येतील, आणि माझे भाषण त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मला या खेपेस घरमालकांशी बोलावयाचे आहे. तेव्हा ज्या विषयावर प्रत्येक घरमालकाचे मत ठाम असते असा विषय द्या. म्हणून हा विषय. चालकांपैकी एकजण हसले, पण पत्रिकेत छापला खरा.

माझे वडील रंगारी होते. नारायण पेठेपासून रास्ता पेठेपर्यंत किती वाड्यांना त्यांनी सफेदी दिली याची मोजदाद नाही. मोठमोठ्या वाड्यांत वरच्या मजल्यावर दिवाणखाना असे. लोड, तक्के, हंड्या, झुंबरे. आम्ही अशाच एका वाड्याच्या मागल्या अंगाला दोन खणांच्या खोलीत राहत होतो. बैठकीची खोली, निजण्याची खोली आणि स्वैपाकघर, सगळे त्या दोन खणांतच. तिला नवा रंग वर्षातून एकदा मिळे, नवरात्राच्या तोंडावर. दुसऱ्यांची घरे आधी, आपले शेवटी, असा वडिलांचा शिरस्ता. आणि शेवटी म्हणजे घटस्थापनेच्या आदल्या रात्री, कंदिलाच्या उजेडात.

तो रंग म्हणजे चुना. कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतले की तो उकळल्यासारखा फसफसे; आम्हां पोरांना तेव्हा जवळ येऊ देत नसत. विरून थंड झाला की फडक्यातून गाळावयाचा, हाताला लागू नये म्हणून त्यात थोडा सरस किंवा डिंक घालावयाचा, आणि चिमूटभर नीळ. नीळ कशाला, तर पांढऱ्याला जो पिवळटपणा येतो तो निळीने मरतो. धोतराला नीळ देतात त्याचे कारणही तेच. कोणाला पिवळी भिंत हवी असेल तर पिवडी, तांबडी हवी असेल तर काव किंवा गेरू. एवढेच शेडकार्ड. जमिनीलगत हात-दीड हात कावेचा पट्टा मारीत, कारण तेथे पाठी टेकतात, पोरे पाय लावतात.

पुढे वाचनाची गोडी लागल्यावर मला कळले की या चुन्याची गंमत काही और आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्याने तो विरतो. आणि भिंतीवर चढला की हवेतला तोच वायू पुन्हा ओढून घेऊन तो परत चुनखडी होतो. म्हणजे आमच्या खोलीत दरवर्षी दगडाचा एक पातळ पापुद्रा चढत होता! असल्या भिंतीतून ओल बाहेर पडू शकते. बुरशीलाही तो दाहक चुना मानवत नाही. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतींना आजचा प्लॅस्टिकसारखा बंद रंग फासला की दोन पावसाळ्यांत फुगे येतात, ते काही रंगाऱ्याने चोरी केली म्हणून नव्हे.

पण 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांना मी एवढ्यावर घरी जाऊ देणार नाही. माझ्या वडिलांना डाव्या डोळ्याने धूसर दिसे. आढ्याला चुना देताना एक शिंतोडा डोळ्यात गेला. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर त्याच क्षणी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा लागतो. दुसरा उपाय नाही. वडील सांगत, "पाणी खाली आडावर होते आणि मी वर घोड्यावर होतो." जिना उतरून जाईपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेले. एक बादली पाणी कामाच्या जागी ठेवावे, एवढा साधा नियम कोणी केला नव्हता, आणि त्यांनी कोणाला मागितलाही नव्हता.

या शहरातल्या भिंतींना सर्वांत मोठे रंगकाम १९६१ साली निघाले. १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही गेले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वडील तेव्हा सोळा वर्षांचे, नुकते हाताखाली जाऊ लागलेले. पाणी ओसरल्यावर प्रत्येक भिंतीवर एक रेघ राहिली. लोकांना ती डोळ्यांसमोर नको होती. आज गाळ खरवडला, उद्या चुना द्या, अशी घाई. दिला. आठ दिवसांत रेघ पुन्हा वर आली. दुसरा हात दिला, तिसरा दिला, रेघ हजर. भिंतीच्या पोटात पाणी होते, ते बाहेर येताना मातीचे आणि क्षारांचे डाग बरोबर आणीत होते. वडिलांचे उस्ताद त्या वेळी म्हणाले होते म्हणे, "भिंतीला रडू द्या, मग तोंड पुसा." मी तुम्हांला रंगाविषयी एकच कारागिरीची गोष्ट सांगावयाची ठरवली तर हीच सांगेन. ओल कोठून येते ते आधी शोधा. गच्चीतून, न्हाणीघराच्या नळातून, बाहेरच्या चिरेतून. ती बंद करा, भिंत वाळू द्या. त्याआधी शेडकार्ड उघडूच नका.

आता शेडकार्डाकडे वळू. कारण त्यासाठीच निम्मी मंडळी आली असावीत.

एक काळ असा होता की रंगाचा डबा म्हटला की खोडकर केसांचा, हातात ब्रश घेतलेला गट्टू डोळ्यांपुढे येई. मुंबईत १९४२ साली निघालेल्या एशियन पेंट्ससाठी तो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढला. लक्ष्मण यांचे अखेरचे दिवस आपल्या पुण्यातच गेले. २०१५ साली ते येथेच वारले. त्या गट्टूने रंग ही गोष्ट सामान्य घरात नेली हे कबूल केले पाहिजे. पण मला एक मौज नेहमी वाटते. जाहिरातीतला रंगारी हे एक पोर होते, हसरे आणि पगार न मागणारे!

शेडकार्डावरचा तुकडा असतो पोस्टाच्या तिकिटाएवढा. तोच रंग चारी भिंतींना लागला की गडद दिसतो, कारण एका भिंतीवरचा रंग समोरच्या भिंतीवर पडतो आणि परत येतो. म्हणून कार्डावर जो आवडला त्याच्याहून एक-दोन पायऱ्या फिका घ्यावा. खिडकी उत्तरेला असेल तर उजेड थंड, निळसर येतो. तेथे करडा किंवा फिका निळा रंग उदास वाटतो, आणि पिवडीच्या कुळातला रंग खोलीला ऊब देतो. पश्चिमेची खिडकी असेल तर चैत्र-वैशाखात दुपारी चारनंतर भिंत पेटल्यासारखी होते. तेथे केशरी लावणाऱ्याने स्वतः तेथे बसून पाहावे. सगळ्यांत उत्तम म्हणजे हातभर रुंद चौकोन दोन भिंतींवर दोन हात मारून घ्यावा आणि तो सकाळी, तिसऱ्या प्रहरी व रात्री दिव्याखाली पाहावा. छत पांढरे ठेवा. उजेड फुकट मिळतो. गर्द रंगाची एक भिंत करण्याची टूम निघाली आहे, तिला माझी हरकत नाही, मात्र ती टीव्हीच्या मागची असावी. पाहुण्याच्या मागची नको, तो उगाच फोटोतला वाटतो.

एवढे सांगून मी निरोप घेतला असता तर घरमालक खुशीत गेले असते.

रंग देण्याआधी जुना रंग काढावा लागतो. दारेखिडक्यांना आणि पुष्कळ जुन्या घरांत भिंतीच्या कमरेइतक्या पट्ट्याला तेलरंग असतो. तो पत्र्याने खरवडतात, पॉलिश पेपरने घासतात, लांबी भरतात, पुन्हा घासतात. घर पिठाच्या गिरणीसारखे होते. या तेलरंगांत, विशेषतः चकचकीत पिवळ्या, तांबड्या, हिरव्या रंगांत, शिसे असे. पांढऱ्या रंगासाठी जगभर शतकानुशतके शिशाचा सफेदाच वापरला गेला. इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात रंगाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. वैद्याने रोग्याला 'तुझा धंदा कोणता' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, हे सांगणाराही तोच. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतील रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार केला. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी घातली. आपल्याकडे नियम झाले २०१६ साली आणि ते लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसे घरगुती रंगात असता कामा नये. रामाझ्झिनीपासून तीनशे सतरा वर्षे!

नियम चांगला आहे. पण तो नव्या डब्याला लागतो. २०१७ पूर्वी दारावर बसलेल्या थरांना लागत नाही. ते थर कोरडे घासले की शिसे धुळीत येते. मग ते घरातल्या रांगत्या मुलाच्या बोटाला लागते आणि बोटावरून तोंडात जाते. लहान मुलाच्या मेंदूला शिसे किती जाचते हे डॉक्टर तुम्हांला सांगतील. मूल तेथे चार दिवस असते. रंगारी वर्षाचे तीनशे दिवस असतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने १९८९ साली, आणि पुन्हा २००७ साली तपासून, रंगाऱ्याचा धंदा हाच माणसात कर्करोग घडविणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातला. एखादे द्रव्य नव्हे, अख्खा धंदा.

यावर उपाय काही अवघड नाहीत. जुना तेलरंग पाणी मारून ओला करून घासावा. लहान मुले व गर्भवती बाई यांना ते दोन दिवस दुसरीकडे ठेवावे. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. घासणाऱ्याच्या तोंडाला नीट बसणारा धुळीचा मास्क द्यावा, आणि जेवणाआधी हात धुण्यास साबण. ओले घासण्याला वेळ जास्त लागतो. सगळे घोडे येथेच अडते.

वीस-बावीस वर्षांचा असताना पुणे नगर वाचन मंदिरात मी शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी वाचावयास शिकलो. त्या काळात एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने माझ्या हातात रॉबर्ट ट्रेसल याची कादंबरी ठेवली. ती १९१४ साली निघाली, लेखक वारल्यावर तीन वर्षांनी. लेखक स्वतः घरे रंगविणारा. तिच्यातला ओवेन नावाचा रंगारी एका श्रीमंताच्या बैठकीच्या खोलीची नक्षी आखतो. रात्री घरी बसून, बिनपगारी, कारण आयुष्यात एकदा तरी मनासारखे काम करावयास मिळावे. मला ते पुस्तक वाचावयास सात महिने लागले. ते प्रकरण वाचताना मला वडील दिसले. वाड्यातल्या दिवाणखान्याच्या कमानीला पट्टी ओढताना ते श्वास रोखून धरीत. रेघ संपली की सोडीत. त्या रेघेचे निराळे पैसे त्यांना कधीच मिळाले नाहीत, आणि ती वाकडी गेलेली मी कधी पाहिली नाही.

आता मला जे सांगावयाचे आहे ते माझ्या स्वतःच्या घरचे आहे, आणि ते सांगावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे लग्न ठरले. पाहुणे येणार, म्हणून बैठकीच्या खोलीला रंग काढला. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर मी पंधरा वर्षे सभा घेत आलो आहे. तेथलाच एक रंगारी, मला 'भाऊ' म्हणणारा, बोलावला. त्याने चौरस फुटाला दर सांगितला. मी म्हणालो, एकरकमी किती घेशील ते बोल. त्याने आकडा सांगितला. मी कमी केला. तो काही बोलला नाही, कारण समोर भाऊ. मग मी म्हणालो, आठ दिवस नाहीत, पाच दिवसांत संपव.

पाच दिवसांत संपवावयाचे म्हणजे कोरडे घासावयाचे. त्याच्या हाताखाली एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, मराठवाड्यातला, पहिल्यांदाच पुण्यात आलेला. दोन स्टुलांवर फळी टाकून तो चौकटीवरचा जुना हिरवा तेलरंग खरवडीत होता. मी शेजारच्या खोलीत दार लावून बसलो होतो. काय करीत होतो? पत्रक लिहीत होतो. बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेविषयीचे. घरातली मंडळी दुपारी आत आली आणि म्हणाली, "अहो, त्या पोराला ओले फडके तरी बांधायला द्या तोंडाला. तुमच्या कचेरीत भिंतीवर चित्र लावलंय ना तसलं?"

मी उठून बाहेर आलो. त्या मुलाच्या पापण्या, केस, ओठ, सगळे फिकट हिरवे झाले होते. तो हसला. त्याच संध्याकाळी फळी सरकली आणि तो पडला. सहा-सात फूट उंची, त्यापेक्षा अधिक नाही. टाचेचे हाड मोडले. तीन महिने तो कामावर जाऊ शकला नाही. खर्च मी केला. तीन महिन्यांची मजुरीही दिली, हप्त्याहप्त्याने. लोक म्हणाले, भाऊंनी माणुसकी दाखवली. या वाक्याने मला जेवढे लागले तेवढे मालकांच्या शिव्यांनी कधी लागले नाही. कारण मी दिले नसते तरी कोणी मला काही करू शकले नसते.

हे कायद्याने कसे ते ऐका. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, त्यात रंगकाम होते. त्या कायद्याखाली मंडळ झाले, बांधकामाच्या खर्चावर उपकर आला. पण माणूस स्वतःला राहण्यासाठी घराचे काम करीत असेल आणि खर्च दहा लाखांच्या आत असेल तर तो कायदा लागू नव्हता. पुढे २०२० च्या संहितेने ती मर्यादा पन्नास लाखांवर नेली, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दहापेक्षा कमी माणसांचे कामही तिने वगळले आहे. बैठकीच्या खोलीचा रंग पन्नास लाखांचा असतो काय? दहा रंगारी एका हॉलमध्ये मावतील काय? म्हणजे बत्तीस मजली इमारतीला बाहेरून रंग देणाऱ्याची सुरक्षितता त्या संहितेत आहे. तोच माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्या सोफ्यावर चादर टाकून आत काम करू लागला की तो तिच्या बाहेर. मंडळाकडे नोंदणी करावयाची तर मागल्या वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा माणूस तीनशे दिवस काम करतो, पण तीस-चाळीस घरी. दाखला कोण देणार? त्याचे आडनावसुद्धा घरमालकाला ठाऊक नसते. "तो आपला पेंटर," एवढेच.

कायदा उंबऱ्याच्या आत येत नाही असे म्हणून हात झटकणाऱ्यांना मी या शहराचीच आठवण देतो. डॉ. बाबा आढावांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली, तेव्हा हमालाला मालकच नाही, तो आज या दुकानाचा तर उद्या त्या, असेच सांगितले जात होते. १९६९ साली माथाडींचा कायदा झाला. ज्याच्या दारी काम त्याने मजुरीबरोबर ठरावीक भर मंडळात भरावयाचा, आणि हमालाला त्यातून भविष्यनिर्वाह निधी व रजा मिळावयाची. पुष्कळ मालक मिळून एक मालक. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. त्या तर घराच्या अगदी आत, चुलीपर्यंत जाणाऱ्या. आणि रविवारची सुट्टी? नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती १८९० साली मिळविली. आमच्या रंगाऱ्याला रविवार मिळतो तो सोसायटीच्या पाटीमुळे, 'रविवारी ठोकाठोकीची व रंगाची कामे बंद'. सुट्टी रहिवाशांच्या झोपेची. त्याचा रोज बुडतो.

रंगाऱ्यांसाठी तसले मंडळ व्हावे म्हणून आम्ही अर्ज-विनंत्या चालू ठेवल्या आहेत, ते चालू राहील. त्याची हकीकत मी चळवळीच्या सभेत सांगतो. तुमच्याकडे माझे मागणे लहान आहे. आमच्या कचेरीने एक कागद छापला आहे, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचा. त्यात रंगाऱ्याचे पूर्ण नाव, कामाचे दिवस, दर, घासकाम ओले की कोरडे, घोडा कोणी आणावयाचा, आणि इजा झाल्यास औषधपाण्याचा व बुडालेल्या रोजाचा खर्च कोणी सोसावयाचा, अशा सहा ओळी आहेत. खाली दोन सह्या. कोर्टात तो किती टिकेल यावर वकील मंडळी खुशाल वाद घालोत. पण सही करताना माणूस सहावी ओळ वाचतो, आणि वाचली की दोन स्टुलांवरची फळी त्याच्या डोळ्यांना दिसू लागते, असा माझा अनुभव आहे.

कोरे कागद बाहेर टेबलावर ठेवले आहेत. पावसाळा उलटल्यावर, गणपती ते दिवाळी या दिवसांत ज्यांच्याकडे काम निघणार असेल त्यांनी एकेक उचलावा. तो मुलगा आता स्वतः उस्ताद झाला आहे. थोडे लंगडतो, पण घोड्यावर चढतो. यंदा आमच्या खोलीला पुन्हा रंग द्यावयाचा आहे आणि ते काम त्याच्याकडेच आहे. दर त्याने सांगितला तोच ठरला. कागद भरून दोघांच्या सह्याही झाल्या आहेत. तारखेची जागा तेवढी रिकामी आहे, कारण शेड ठरत नाही. घरातल्या मंडळींना पिस्ता हवा, मुलाला करडा. मी पिवडी म्हणतो आहे, पण अजून कोणी ऐकून घेतलेले नाही.